हाशिमपुरा : न्यायालयापर्यंत उशिरा पोहोचलेली नोंदवही

नवी दिल्ली : उत्तर प्रदेशातील मेरठ शहरात १९८७ च्या मे महिन्यात दंगल उसळली होती. २२ मे रोजी हाशिमपुरा मोहल्ल्याला लष्कर, पीएसी हे राज्याचे सशस्त्र दल व स्थानिक पोलिसांनी वेढा घालून झडती घेतली. संध्याकाळी ४० हून अधिक मुस्लिम पुरुषांना पीएसीच्या ४१ व्या बटालियनच्या ट्रकमध्ये चढविण्यात आले. ट्रक तुरुंगाकडे न जाता दिल्लीलगतच्या गाझियाबाद जिल्ह्यात वळला. मुरादनगरच्या गंगा कालव्यावर आणि नंतर मकनपूरजवळ, अंधारात, त्यांना गोळ्या घालून पाण्यात फेकण्यात आले. केवळ पाच जण वाचले.

हत्याकांड घडले याविषयी न्यायालयात फारसा वाद नव्हता. ते कोणी केले, यावरच खटला अडला. आरोपपत्र १९९६ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, दाखल झाले. त्यानंतर २३ वेळा वॉरंट निघूनही सरकारी नोकरीत असलेले आरोपी पोलिसांना 'सापडत' नव्हते! पीडितांच्या कुटुंबीयांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये खटला दिल्लीला वर्ग केला. २१ मार्च २०१५ रोजी तीस हजारी न्यायालयाने हयात असलेल्या १६ आरोपींना संशयाचा फायदा देऊन सोडले. रात्रीच्या काळोखात शिरस्त्राण घातलेल्या जवानांचे चेहरे वाचलेल्यांनी ओळखावेत, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती.

ओळख पटविणारा कागद सरकारच्याच कपाटात होता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अपिलात हस्तक्षेप केल्यानंतर मेरठ पोलीस लाइनीची दैनंदिन नोंदवही अतिरिक्त पुरावा म्हणून पुढे आली. त्या दिवशी कोणते जवान कामगिरीवर होते, हे तीत लिहिलेले होते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी न्या. एस. मुरलीधर व न्या. विनोद गोयल यांच्या खंडपीठाने सर्व १६ जणांना जन्मठेप सुनावली. बंदूक आणि नोंदवही एकाच सत्तेच्या हाती असली की पुरावा पुढे येण्यास एकतीस वर्षे लागू शकतात.

तरीही आरोपींच्या यादीतील सर्वांत वरचा माणूस प्लाटून कमांडर होता आणि तो निकालापूर्वीच मरण पावला. त्याच्या वरच्या कोणावरही खटला चालला नाही.

नागालँडमधील ओटिंगच्या बाबतीत नावे शोधण्याचा प्रश्नच उरला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये तेथे लष्कराच्या विशेष तुकडीच्या गोळीबारात घरी परतणारे सहा खाणकामगार ठार झाले. राज्याच्या विशेष तपास पथकाने ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले. मात्र अशा खटल्याला केंद्राची मंजुरी लागते. केंद्राने ती २०२३ मध्ये नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली.

हाशिमपुऱ्याच्या दोषींनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्यापैकी काहींना जामीन मिळाला.