रुबेला : पुरळ तीन दिवसांचे, परिणाम जन्मभराचे

किंचित ताप, चेहऱ्यावरून अंगभर पसरणारे लालसर पुरळ, कानामागे आणि मानेत सुजलेल्या गाठी. तीनेक दिवसांत पुरळ मावळते आणि घरचे निर्धास्त होतात. रुबेला फसवतो तो इथेच. अनेकांना तर लक्षणेच जाणवत नाहीत; पण पुरळ उठण्याच्या आठवडाभर आधीपासून रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून विषाणू पसरत असतो.

मुलांमध्ये हा आजार बहुधा सौम्य असतो. मोठ्या स्त्रियांना सांधेदुखी होऊ शकते. मेंदूला सूज येणे किंवा प्लेटलेट घटणे क्वचित घडते. खरा धोका आहे तो पोटातल्या बाळाला. गर्भारपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला संसर्ग झाला, तर बाळावर परिणाम होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळ बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष घेऊन जन्मते. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच हा संबंध दाखवून दिला होता. रुबेलावर आजही नेमके औषध नाही. लस मात्र आहे.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, ती ९ महिने ते १५ वर्षे वयोगटासाठी. तेव्हा त्याहून मोठ्या असलेल्या मुली मोहिमेबाहेर राहिल्या आणि आज त्याच आई होण्याच्या वयात आहेत. काहींनी खासगी दवाखान्यात एमएमआर लस घेतली असेल, पण बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठी रुबेलाची रक्ततपासणी आणि गरजेनुसार लस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी. गर्भवतीची नोंदणी झाल्यावर जागे होऊन उपयोग नाही, कारण गर्भारपणात ही लस देत नाहीत. लस घेतल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणूनच विचार आधी व्हायला हवा.

‘मुलग्यांना ही लस कशाला?’ असेही विचारले जाते. विषाणू मुलगा-मुलगी पाहत नाही. शाळेतून तो घरातल्या गर्भवतीपर्यंत पोहोचतो. म्हणून ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांचे दोन्ही डोस प्रत्येक बाळाला द्याच. आणि घरात पाळणा हलण्याची वाट पाहत असाल, तर सुनेला किंवा लेकीला डॉक्टरांकडे हा एक प्रश्न वेळेत विचारायला सांगा.