जुनेपणाचा बाजार

आमच्या बहिणीचे यजमान बोईसरला एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहेत. गृहस्थ मोठे हिशेबी. मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालतील. त्याच दाजींनी गेल्या दिवाळीत मुलीसाठी मोबाइलवरून एक बासरी मागवली. किंमत अठरा हजार! का, तर म्हणे ती दीडशे वर्षांची, एका संस्थानी दरबारातली. चित्राखाली तसे छापले होते ना! १९६९ साली देशातली पहिली अणुवीज जिथे निघाली, त्या तारापूरच्या शेजारी राहूनही छापील अक्षराला आम्ही वेदवाक्य मानतो.

पोरीने चार महिने फुंकर घातली. सूर काही पेटीला मिळेना. शेवटी मला म्हणाली, “मामा, माझ्या फुंकरीतच खोट आहे.” आणि तिने शिकणेच सोडले. वाचकहो, अठरा हजार बुडाले याचे मला फारसे दुःख नाही. पण एका खोट्या वस्तूने खऱ्या पोरीला खोटे पाडले, याचा संताप आला म्हणून हा लेखप्रपंच.

मी काही पुराणवस्तूंचा पंडित नव्हे, साधा शाळामास्तर. पण कॉपी पकडायला पांडित्य लागत नाही, डोळे उघडे ठेवावे लागतात. मी बासरी हाती घेतली. लांबी बत्तीस इंच, बोटांची भोके सात. आता, मैफलीत वाजते ती ही लांब बासरी पन्नालाल घोष यांनी रूढ केली आणि सातवे भोकही त्यांचेच मानतात. घोष जन्मले १९११ साली, वारले १९६० साली. मग दीडशे वर्षांपूर्वी दरबारात ही वाजवली कोणी?

पुढे, बासरीला गुंडाळलेला एक धागा काढून निरांजनाच्या ज्योतीवर धरला. सुताची राख झाली असती; हा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. नायलॉनचा शोध १९३५ सालचा! “दोरा मागाहून बदलला असेल,” दाजी म्हणाले. बरे, तसे समजू. मग ओले पांढरे फडके फिरवले, तर जुनेपणाचा काळसर रंग फडक्यावर उतरला. वापरलेली बासरी जिथे ओठ आणि बोटे लागतात तिथे अधिक काळवंडते, गुळगुळीत होते. ही टोकापासून टोकापर्यंत सारखीच काळी.

आणि कायदा? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तेव्हा विकणाऱ्याला एवढेच विचारावे: बाबा रे, परवाना दाखव. नसेल, तर तू एक तर कायदा मोडतोस, नाही तर थाप मारतोस!

पण सारा दोष त्या लबाडाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. जुने तेवढे मोलाचे, ही आपली हाव आहे म्हणून त्याचे दुकान चालते. ही समजूत किती पोकळ आहे ते पाहायचे तर दूर जायला नको. आमच्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-डहाणूकडे चला. भात पिकू लागले की तिथल्या पाड्यांवर तारपा घुमतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे जोडायला मेण. भोपळा फुटतो, पाने कुजतात, आणि करणारा पुन्हा नवा तारपा करतो. तारपा जुना राहत नाही. जुनी असते ती त्याची विद्या. ती विद्या आयुष्यभर जपणारे जव्हारकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र पाहून आपण माना डोलावल्या. पण तोच तारपा घेऊन एखादा कारागीर बाजारात बसला, की आपण विचारतो, “कमी नाही का करणार?” खोट्या दीडशे वर्षांना अठरा हजार, आणि खऱ्या हातांपुढे घासाघीस! हा कुठला न्याय?

या गणपतीनंतर मी भाचीला घेऊन एका बासरी करणाऱ्याकडे गेलो. पेटी सोबत नेली होती. त्याने चार बासऱ्या पुढ्यात ठेवल्या. पोरीने प्रत्येक वाजवून पाहिली. तिसरीचा षड्ज पेटीच्या षड्जात असा मिसळला, की ती चमकून माझ्याकडे पाहतच राहिली. “मामा, म्हणजे मला येत होतं!”

बासरी कालच केलेली, बांबूचा वास अजून गेला नव्हता. किंमत दाजींच्या बासरीच्या दशांशही नव्हती. मी घासाघीस केली नाही.