बहाराचा वास आणि कापलेले तीन मार्क

आमच्या वऱ्हाडात चहा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गंजात पाणी, साखर, चहापत्ती, असलंच तर आलं, मग दूध, आणि दोन-तीनदा वर येईपर्यंत उकळायचा. घरी आलेला माणूस चहा न घेता गेला तर घरच्या बाईला दिवसभर चुटपुट लागते. मीही आयुष्यभर हाच चहा पीत आले आणि पाजत आले. तेव्हा पुढचं वाचून 'बाईंना म्हातारपणी चिनी शौक लागला' असं कुणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

झालं असं, की गेल्या दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याहून भेटायला आला. अमरावतीला येण्याआधी मी अकोल्याच्या एका शाळेत सहा वर्षं मराठी शिकवत होते, तेव्हाचा हा. आता त्याचं यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. चीनमध्ये ग्वांगझौला १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, तिथे तो जाऊन येतो. येताना त्याने माझ्यासाठी चहाचा एक लहानसा डबा आणला होता. म्हणाला, "बाई, यात दूध-साखर घालायची नाही. आणि उकळायचा तर अजिबात नाही." डब्यावर इंग्रजीत छापलं होतं, की या चहात ऑर्किड, मध, लिची आणि पिकलेल्या पीचचा गंध आहे.

हा ऊलाँग. शब्दाचा अर्थ काळा ड्रॅगन. हिरवा चहा आणि आपला नेहमीचा काळा चहा यांच्या मधला हा प्रकार. झाड एकच, फरक पुढच्या करणीत. पानं खुडून थोडी उन्हात सुकवतात, मग बांबूच्या सुपासारख्या मोठ्या तबकांत ती रात्रभर थांबून थांबून हलवतात. पानांच्या कडा खरचटतात आणि लालसर होऊ लागतात. पान अजून जिवंत असतं. त्या जखमेला उत्तर म्हणून ते सुगंधी द्रव्यं तयार करतं. हवा तसा वास आला की पानं तापवून ती क्रिया थांबवतात, वळतात, आणि शेवटी कोळशाच्या मंद आचेवर भाजतात. माझा डबा ग्वांगडाँग प्रांतातल्या छाओचौजवळच्या फंगह्वांग डोंगरावरचा होता.

पहिल्या दिवशी मी माझ्याच पद्धतीने केला. दोन कप आधणात दोन चमचे पानं, झाकण ठेवून पाच मिनिटं. जो काय कडूजहर, तुरट काढा झाला! आमचे हे एक घोट घेऊन म्हणाले, "यापेक्षा गुळवेल बरी." मी अकोल्याला फोन लावला. तो हसला आणि त्याने पुन्हा नीट समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तसं केलं. तिकडे झाकणाचा खास पेला वापरतात. माझ्याकडे चिनी मातीचा जुना कप होता, त्यावर उलटी बशी झाकली. पाच ग्रॅम पानं म्हणजे कप जवळजवळ निम्मा भरला. आधी कप गरम पाण्याने विसळून घ्यायचा, त्यात कोरडी पानं टाकून झाकायचं आणि अर्ध्या मिनिटाने वास घ्यायचा. मग उकळी येऊन जरा निवलेलं पाणी ओतायचं आणि दहा सेकंद मोजून लगेच गाळायचं. दहा मिनिटं नव्हे, दहा सेकंद! त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा गाळणं, दर खेपेला थोडी वेळ वाढवायची. अशी सहा-सात पाणी सहज निघतात. छाओचौमध्ये या पद्धतीला गोंगफू चहा म्हणतात. आपल्याला सिनेमातून माहीत असलेला 'कुंग फू' तो हाच शब्द, म्हणजे मेहनतीने आणि वेळ देऊन कमावलेलं कसब. चीनच्या चहा करण्याच्या या परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही गेल्या आहेत.

आता चहा चांगला झाला होता. सोनेरी रंग, कडूपणा नाही, गिळल्यावर घशात मागाहून येणारा गोडवा. आणि वास तर असा, की कप खाली ठेववेना. पण वास कशाचा? मी चष्मा लावून डबा हातात घेतला आणि एकेक शब्द ताडून पाहू लागले. ऑर्किड? बागांच्या प्रदर्शनात पाहिलंय, पण वास घेतल्याचं आठवत नाही. पीच? ते आमच्या बाजारात क्वचितच येतं. लिची दोनदा खाल्लेली. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. प्रश्नपत्रिका हातात आहे आणि धड्याचं पुस्तकच वाचलेलं नाही, अशी गत.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई तेवढ्यात ओट्यापाशी आल्या. त्यांचं माहेर शेंदुरजना घाटचं, वरूड तालुक्यातलं, म्हणजे अगदी संत्र्यांच्या मुलखातलं. त्यांनी रिकामा गरम कप विसळायला उचलला, सवयीने नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "बाई, हा तं संत्र्याच्या बहाराचा वास येऊन रायला!"

आणि एकदम सगळं जागेवर बसलं. अगदी तोच वास. जानेवारीच्या शेवटी आंबिया बहार फुटला की वरूड-मोर्शीच्या रस्त्याने एसटी जाताना खिडकीतून आत येतो ना, तोच. वर्षानुवर्षं घेतलेला वास माझ्या नाकासमोर होता, आणि मी तो डब्यावरच्या इंग्रजीत शोधत होते.

मग मला छंदच लागला. विचारपूस केली, वाचलं. तर फंगह्वांग डोंगरावरच्या लोकांनीही नेमकं हेच केलेलं. तिथल्या निवडक झाडांची पानं वेगळी खुडून चहा वेगळा करण्याची चाल आहे. त्या चहांना नावं दिली ती वासावरून. एक मध आणि ऑर्किडचा, माझा डबा त्यातला. एक बदामाचा, एक आल्याच्या फुलाचा, आणि एक चक्क पपनसाच्या फुलाचा. पपनस आणि संत्रं भाऊबंदच की! म्हणजे ज्यांच्या अंगणात पपनस होतं त्यांनी पपनस म्हटलं, आणि ज्यांच्या माहेरी संत्र्याचे बगीचे त्या ताईंनी संत्रं म्हटलं. एका चहाला तर तिथे बदकाच्या शिटीचं नाव आहे, आणि तो आवडीने पितात. तेव्हा नावाचं सोवळं कुणी पाळायचं?

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडून याला पुस्तकी आधारही मिळाला. ऊलाँगची पानं हलवताना जी सुगंधी द्रव्यं वाढतात त्यांत नेरोलिडॉल नावाचं एक महत्त्वाचं. हे नाव आलंय नेरोली तेलावरून, आणि नेरोली म्हणजे कडवट जातीच्या संत्र्याच्या फुलांचं तेल. लिनालूल हे दुसरं द्रव्यही दोन्हींकडे सापडतं. ताईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त नाकावर विश्वास ठेवला.

खरं तर इथेच हा लेख संपायला हवा. पण मला राहून राहून दुसरंच आठवत राहिलं.

अकोल्याच्या शाळेत असताना मी एकदा चाचणीत 'मला आवडणारा सुवास' यावर आठ-दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी मोगरा, गुलाब आणि पहिल्या पावसाची माती लिहिली. त्यातल्या निम्म्यांनी मोगऱ्याचं झाड पाहिलेलंही नसावं. एकाने मात्र सरकीच्या ताज्या ढेपेचा वास लिहिला. त्याच्या घरी तेलाची गिरणी होती. ढेप गरम असताना कशी खमंग वास मारते, म्हशी दुरून कशा हंबरतात, असं काहीबाही लिहिलं होतं. मी दहापैकी तीन मार्क कापले आणि लाल शाईने शेरा दिला, "विषयाला धरून नाही. सुवास फुलांचा असतो." चहाचा डबा आणणारा तो हाच विद्यार्थी.

माझं म्हणणं एवढंच आहे. चव आणि वास ओळखायला शब्द लागतात, हे खरं. शब्द नसेल तर वास आला कधी आणि गेला कधी, कळतही नाही. पण तो शब्द आपल्या आयुष्यातला असावा लागतो. आपल्या भाषेत काय कमी आहे? खमंग, खरपूस, खवट, कुबट, करपट, आंबूस, ओशट, मातकट. पितळेच्या भांड्यात बिघडलेल्या ताकाला 'कळकलेलं' म्हणणारी ही भाषा. आपल्या आज्या-आया डब्याचं झाकण उघडून वासावरून डाळ किती जुनी ते सांगत. आपण ते शब्द वापरणं सोडलं आणि आता 'टेस्ट छान आहे' यापुढे गाडी जात नाही.

यावर कुणी म्हणेल, बाई, व्यापाराला ठरावीक शब्द लागतातच. ग्वांगझौच्या दुकानदाराने शेंदुरजना घाटचा बहार कुठून आणायचा? मान्य आहे. डब्यावर त्यांनी त्यांचे शब्द लिहावेत. शुद्धलेखनाला एकच उत्तर असतं, तेही मी चाळीस वर्षं शिकवलं. पण वास म्हणजे शुद्धलेखन नव्हे. डब्यावरचा शब्द हे दुसऱ्या कुणाचं उत्तर आहे. ते आपल्याला आलं नाही म्हणून आपण नापास होत नाही.

आणि एक उलटी गोष्टही सांगते. असा चहा प्यायला शिकलेली काही मंडळी लगेच आपल्या उकळलेल्या चहाला नाकं मुरडतात. तेही चूक. चहा घरोघरी पोचावा म्हणून १९३० च्या दशकात देशभर जोरात प्रचार झाला, आणि साधारण त्याच सुमारास आसामात पान चिरडून, फाडून त्याचे बारीक दाणे करणारं यंत्र आलं. स्वस्त, पटकन रंग देणारा, कडक चहा. त्या दाण्यांना उकळी आणि दूधच मानवतं, कारण दुधामुळे त्यांचा तुरटपणा मऊ होतो. आपल्या आयांनी हातात आलेल्या मालातून उत्तम तेच काढलं. तेही एक गोंगफूच.

पाण्याचंही तसंच. माझ्या जावेचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथे मी हौसेने हाच चहा बोअरच्या पाण्यात केला. बहार पार गायब, नुसतं मचूळ काहीतरी. जावेने त्याच पाण्यात आलं घालून नेहमीचा चहा उकळला, तो मात्र झकास झाला. त्या पाण्यात कोणता चहा करायचा हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ताईंनाही मी त्या दिवशी आग्रहाने एक घोट दिला होता. त्या म्हणाल्या, "वास झ्याक हाये बाई, पण चहा नाही वाटत हा." मग मी त्यांच्यासाठी गंज चढवला.

परवा अकोल्याला फोन करून चहा संपत आल्याचं सांगितलं, आणि बहाराची गोष्टही सांगितली. विचारलं, "तुला रे कशाचा वास येतो त्यात?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "मार्क कापणार नसाल तर सांगतो."

म्हटलं, सांग.

"डबा उघडला की कोरड्या पानांचा येतो ना बाई, तो ताज्या ढेपेसारखाच. खमंग."

फोन ठेवल्यावर मी डबा उघडून पाहिला. तळाला चार-सहा चिमटी पानं उरली होती. गरम कपात टाकली, झाकली आणि अर्ध्या मिनिटाने नाकाशी नेली. भाजल्याचा खमंगपणा होता खरा. ढेप मी कधी जवळून हुंगलेली नाही, त्यामुळे पडताळता आलं नाही. पण आता संक्रांतीला अकोल्याला जाईन तेव्हा त्याच्या भावाच्या गिरणीत जाणार आहे. ते तीन मार्क बरेच दिवस अडकून पडलेत.