तळ्याकाठची वस्ती दप्तरात येऊ द्या

मा. अध्यक्ष आणि मा. मुख्याधिकारी,
वाशिम नगर परिषद, यांस



देव तलावाचा किंवा पद्मतीर्थाचा विषय निघाला की फरशी, कठडे आणि दिवे यांवरच बोलणे होते. मला काठावरच्या वस्तीविषयी बोलायचे आहे. तिथली जुनी घरे कोणाची, कोणत्या पायऱ्यांवर कोणाचा राबता होता, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने तळ्यात उतरायचे, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचे काम नगर परिषदेने अंगावर घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

हे शहर तळ्यांच्या आधाराने का वाढले, याचे उत्तर जमिनीत आहे. आपला जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर बसला आहे. इथली काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेत आणि पुढे तापीतून अरबी समुद्राला जाते. पैनगंगा वर्धेला मिळून गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला. पाणी दोन्हीकडे पळते. ते अडवल्याशिवाय इथे बारमाही नांदणे कठीण होते.

वत्सगुल्मच्या वाकाटकांना हे पुरते उमगले होते. त्यांची राजधानी म्हणजे हेच वाशिम. शहराजवळच्या हिस्से-बोराळ्याचा शिलालेख सांगतो की राजा देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचा जलाशय बांधला. साल शक ३८०, म्हणजे इ.स. ४५७-५८. शक संवताचा नावानिशी इतका जुना उल्लेख विरळाच, म्हणून अभ्यासक त्याला मान देतात. मला त्याचा काळही तितकाच महत्त्वाचा वाटतो. जेमतेम वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने तिकडे जुनागढला स्कंदगुप्ताच्या अमलात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधला गेला आणि त्याचाही लेख कोरला गेला. जुनागढचा सुदर्शन इतिहासाच्या पुस्तकांत सर्वत्र भेटतो. आपला सुदर्शन वाशिमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

पुढे अठराव्या शतकात, भोसल्यांच्या राजवटीत दिवाणपदापर्यंत चढलेल्या भवानी काळूंनी बालाजीचे मंदिर उभारले. त्यांचे नाव टिकले, स्वामिल्लदेवाचेही टिकले. पण ज्यांनी माती वाहिली, गाळ उपसला, काठावर धुणी धुतली, मडकी भाजली, त्यांच्या वाट्याला एकही ओळ आली नाही. ती आता तरी यावी.

तळ्याच्या वरच्या अंगाला एका गल्लीत एक आजी राहतात. त्यांच्या आडाच्या काठाचा दगड दोराने इतका झिजला आहे की खाचेत बोट मावते. गल्लीतल्या नालीकडे हात करून त्या म्हणाल्या, “पह्यले पानी इकूनच तयात जाये. मंग घरं झाली अन् पानी आमच्या घरात आलं.” शहराच्या पाण्याचा नकाशा करायचा तर हे वाक्य त्यात हवे. तळे भरणारे ओघळ बुजले की वर घरांत पाणी शिरते आणि खाली तळे कोरडे पडते. मग नव्या फरशीचा काय उपयोग?

मागणी मोठ्या खर्चाची नाही. काठावरच्या प्रत्येक गल्लीत जाऊन वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवाव्यात, शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना या कामात घ्यावे, घरोघरचे जुने फोटो मागून त्यांच्या प्रती कराव्यात. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरच्या नहरीवर अभ्यास झाला, म्हणून तिच्या वाटा आज दाखवता येतात. आपल्या ओघळांवरही तसे काम होऊ शकते. हिस्से-बोराळ्याच्या लेखाचा मराठी अर्थ सांगणारा एक फलक शहरात लागावा. आणि काठाचे कोणतेही काम मंजूर करण्याआधी तळ्यात पाणी आणणाऱ्या सगळ्या वाटा नगर परिषदेच्या नकाशावर याव्यात.

हे यंदाच्या पावसाळ्याआधी ठरले, तर पहिल्या मोठ्या सरीत म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन पाणी कुठून धावते ते जागेवर पाहता येईल आणि त्याच आठवड्यात नकाशावर मांडता येईल.

आपला,
वाशिमचा एक रहिवासी