मीटर बदलला, बिल बदलले का?



आपल्या वस्त्यांतून शिकून पुढे गेलेली काही मुले-मुली आज ब्रिटनमध्ये शिक्षण घेत आहेत, नोकऱ्या करीत आहेत. घरभाड्यानंतर त्यांच्या खिशाला चाट लावणारा मोठा खर्च म्हणजे वीज आणि गॅसचे बिल. तिकडच्या थंडीत घर गरम ठेवल्यावाचून भागत नाही. इकडे महाराष्ट्रातही जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवणे सुरू झाले आहे. ब्रिटन या वाटेने आपल्या आधी गेले आहे. म्हणून या वेळी आपण तिकडच्या अनुभवाची नीट माहिती करून घेऊ. जे तिकडे आहेत त्यांना ती आजच उपयोगी पडेल. इकडच्यांनाही लवकरच लागेल.

स्मार्ट मीटर म्हणजे रीडिंग आपले आपण कंपनीकडे पाठवणारा मीटर. घरात किती वीज जळाली हे तो अर्ध्या अर्ध्या तासाने नोंदवू शकतो. ब्रिटनमध्ये त्याच्यासोबत एक लहानसा पडदाही देतात. आज किती पैशांची वीज वापरली, हे त्यावर दिसते. रीडिंग घेणारा माणूस आला नाही म्हणून अंदाजाने बिल, हा प्रकार त्यामुळे थांबावा, अशी अपेक्षा. 2024 च्या अखेरीस तिथले सुमारे दोन तृतीयांश मीटर असे झाले होते.

परंतु पहिल्या पिढीच्या मीटरांत एक मोठी खोट निघाली. तिथे ग्राहकाला वीज कंपनी बदलता येते. दर महाग वाटला तर दुसरी कंपनी धरावी, असा तो बाजार आहे. पहिल्या पिढीचे मीटर, ज्यांना तिकडे ‘स्मेट्स-1’ म्हणतात, ते ज्या कंपनीने बसवले तिच्याच यंत्रणेशी मोबाईलच्या जाळ्यातून बोलत असत. ग्राहकाने कंपनी बदलली की नव्या कंपनीला त्या मीटरची भाषा कळेना. मीटर युनिटे मोजत राही, पण रीडिंग पाठवणे बंद. स्वस्त दरासाठी धडपडणाऱ्या कुटुंबाच्या हाती पुन्हा टॉर्च घेऊन जिन्याखालच्या कपाटातले आकडे वाचणे आले. ज्या सोयीसाठी मीटर बदलला, तीच सोय हक्क बजावताच गेली!

यावर उपाय म्हणून सर्व कंपन्यांसाठी एकच मध्यवर्ती जाळे उभारले गेले. त्याला ‘डीसीसी’ म्हणतात. दुसऱ्या पिढीचे, म्हणजे ‘स्मेट्स-2’ मीटर पहिल्यापासून याच जाळ्यावर चालतात; कंपनी बदलली तरी ते मुके होत नाहीत. जुन्या मीटरांनाही 2019 पासून दुरूनच या जाळ्यात घेण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी घरी कोणी यावे लागत नाही. जे मीटर अशा रीतीने जोडले जात नाहीत, ते बदलून नवे बसवावे लागतात. मीटर बदलण्याचे वेगळे पैसे ग्राहकाकडून घेतले जात नाहीत. अर्थात हा खर्च शेवटी सगळ्यांच्या बिलांतूनच वसूल होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आपला मीटर मुका झाला आहे की चालू आहे, हे कसे कळावे? घरातला पडदा चालू दिसला म्हणजे कंपनीला रीडिंग जाते असे नाही. बिल पाहावे. रीडिंगसमोर ‘अंदाजे’ अशा अर्थाचा शब्द असेल तर कंपनीला विचारावे. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ ही तिथली सल्ला देणारी संस्था घराच्या पत्त्यावरून मीटर स्मार्ट पद्धतीने चालतो का, हे तपासण्याची सोय देते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बिल आपल्या नावावर असेल तर कंपनी निवडण्याचा अधिकार भाडेकरूचा. मात्र मीटर बदलण्यापूर्वी घरमालकाला कळवलेले बरे. बिल भाड्यातच धरलेले असेल तर निर्णय मालकाचा. पण मालक वीज विकत घेऊन भाडेकरूला विकत असेल तर स्वतः भरलेल्या दरापेक्षा जास्त दर त्याला लावता येत नाही. एका घरात चार-पाच विद्यार्थी राहतात, तिथे हा नियम पुष्कळांना माहीत नसतो.

आता दराकडे वळू. मीटर बदलणे आणि दर बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा मीटर बसला म्हणून बिल आपोआप उतरत नाही. तिथल्या बिलात दोन भाग असतात: रोजचा स्थिर आकार आणि प्रत्येक युनिटचा दर. ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेने जानेवारी 2019 पासून दरावर मर्यादा घातली आहे. पुष्कळ लोक समजतात की ही मर्यादा एकूण बिलावर आहे. तसे नाही. ती युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर आहे. जास्त वीज वापरली तर बिल जास्तच येणार. कंपनी बदलताना युनिटचा दर पाहून हुरळून जाऊ नये. स्थिर आकार किती, करार किती दिवसांचा, मध्येच सोडल्यास दंड किती, ही तिन्ही उत्तरे कागदावर मागावीत. नवा करार केल्यावर 14 दिवसांत मन बदलण्याची मुभा असते. ठरावीक मुदतीच्या कराराच्या शेवटच्या 49 दिवसांत सोडण्याचा दंड घेता येत नाही. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवण्याजोगे आहेत.

स्मार्ट मीटरमुळे खरा फरक पडतो तो वेळेनुसार दर घेतल्यास. रात्री वीज स्वस्त, दिवसा महाग, असा दर ब्रिटनमध्ये जुनाच आहे. ‘इकॉनॉमी सेव्हन’ या नावाने रात्रीचे सात तास स्वस्त मिळतात. आता स्मार्ट मीटरमुळे दर अर्ध्या तासालाही बदलू शकतो. ऐकायला गोड वाटते. पण हिशेब करूनच हो म्हणावे.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. साधा दर दिवसरात्र 25 पेन्स युनिट. दुसऱ्या योजनेत दिवसा 30 आणि रात्री 15 पेन्स. घरात रोज 10 युनिटे लागतात. साध्या दराने रोजचे 250 पेन्स होतात. दुसऱ्या योजनेत रात्री 2 युनिटे वापरली तर 8 गुणिले 30 आणि 2 गुणिले 15, असे 270 पेन्स, म्हणजे तोटा. रात्री 4 युनिटे वापरली तर 240 पेन्स; म्हणजे थोडी बचत. या आकड्यांत एक तृतीयांशाहून जास्त वापर रात्री गेला तरच फायदा होतो. ज्याच्याकडे रात्री चार्ज होणारी मोटार आहे, त्याला हे सहज जमते. घरात तान्हे मूल आहे, म्हातारे माणूस आहे, दिवसभर खोली गरम ठेवावी लागते, त्याला जमत नाही. दर तोच, मीटर तोच. पण एकाला लाभ आणि दुसऱ्याला भुर्दंड.

रात्रीच्या दराचे जुने मीटर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. त्यांपैकी काही मीटर आकाशवाणीच्या लाँगवेव्ह लहरींवरून येणाऱ्या इशाऱ्याने स्वस्त-महाग वेळ बदलत. ती सेवा 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे काम सुरू झाले. इशारा थांबला की घर गरम करणारे यंत्र भलत्याच वेळी चालू होऊ शकते किंवा बंदच राहू शकते. अशा घरांनी मीटर बदलण्याचे काम अंगावर काढू नये.

सर्वांत नाजूक बाब प्रीपेडची. स्मार्ट मीटर दुरूनच प्रीपेड करता येतो. मग पैसे संपले की वीज गेली. गरिबाच्या घरी अंधार करायला दारात माणूस पाठवण्याचीही गरज उरत नाही. थकबाकीदारांच्या घरी जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये ऑफजेमने कंपन्यांना ते थांबवायला सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नवे नियम आले. घरात 2 वर्षांखालील मूल असेल, किंवा 75 वर्षांवरील व्यक्ती दुसऱ्या आधाराविना राहत असेल, तर अशी जबरदस्ती करता येत नाही. लोकांनी आवाज उठवला म्हणून हे झाले. यंत्र नवे आले की त्याचे नियमही गरिबाच्या बाजूने लिहून घ्यावे लागतात. आपोआप कोणी लिहून देत नाही.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. मुंबईच्या काही भागांत वीज कंपनी निवडता येते. बाकी महाराष्ट्रात बहुतेकांना ती सोय नाही. म्हणून कंपनी बदलून मीटर मुका होण्याचा प्रश्न आपल्याकडे फारसा येणार नाही. वेळेनुसार दराचा प्रश्न मात्र येणारच. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले. त्यात सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज सर्वसाधारण दरापेक्षा निदान 20 टक्के स्वस्त असावी आणि मागणीच्या तासांत महाग असावी, असे म्हटले आहे. ब्रिटनमध्ये रात्र स्वस्त, आपल्याकडे सौरऊर्जेमुळे दिवस स्वस्त. आता विचार करा, दिवसा घरी कोण असते? धुणीभांडी करायला, बांधकामावर, कारखान्यात गेलेली आई संध्याकाळी सातला घरी येते. मोटार लावणे, कपडे धुणे, इस्त्री करणे, मुलांचा अभ्यास, सारे तेव्हाच. स्वस्त वीज असते तेव्हा तिच्या दाराला कुलूप असते. वीज नियामक आयोग दराबद्दल हरकती आणि सूचना मागवतो, तेव्हा ही गोष्ट लेखी सांगायला आपल्या महिला मंडळांनी पुढे आले पाहिजे.

तोवर घरोघर एवढे तरी करावे. मीटर बदलायला माणूस आला की त्याचे ओळखपत्र पाहावे. जुन्या मीटरचे शेवटचे आणि नव्याचे पहिले रीडिंग वहीत लिहावे. फोटो काढता आला तर काढावा. जुनी बिले निदान वर्षभर फेकू नयेत, म्हणजे त्याच महिन्याचे मागील वर्षाचे बिल शेजारी ठेवून तुलना करता येते. तफावत वाटली तर तोंडी भांडत न बसता लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ब्रिटनमध्येही रीत हीच: आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही तर ‘एनर्जी ओम्बड्समन’कडे. ग्राहकाला त्याचे शुल्क पडत नाही.

घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी एका रविवारी आईजवळ बसावे, बिल उघडावे आणि एकेक ओळ तिला समजावून सांगावी. बिल भरणारीला बिल वाचताही आले पाहिजे.