आम्हाला कशाला दिलेत पैसे?

मंडळी, आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे लेख वाचून झाल्यावर कोणी "तू काय कमी घेतलंस का?" असं विचारायला नको. घेतले. चांगले मोजून घेतले.

२००६ च्या उन्हाळ्यात आम्ही प्रियस घेतली, तेव्हा फेडरल टॅक्समध्ये ३,१५० डॉलरचं क्रेडिट मिळालं. वर कॅलिफोर्नियाने पिवळे स्टिकर दिले. ते लावून मी एकटी, शेजारची सीट रिकामी ठेवून, ८८० वर कारपूल लेनमधून ऐटीत जात असे. २०१४ मध्ये पहिली इलेक्ट्रिक गाडी आली. फेडरल सरकारचे ७,५०० आणि राज्याचे २,५०० डॉलर. सप्टेंबर २०२५ मध्ये तिसरी. एव्हाना कायद्यात उत्पन्नाची मर्यादा आली होती, नवरा-बायको मिळून तीन लाख डॉलर, आणि आम्ही दोघं इंजिनियर त्या मर्यादेच्या बाहेर. मग आम्ही ती लीजवर घेतली. लीजच्या गाडीला मर्यादा नव्हती. क्रेडिट लीज कंपनी घेते आणि तुमचा हप्ता तेवढा कमी करते. कायद्यातली ही खिडकी कुठे आहे हे बे एरियात सगळ्यांना पाठ होतं. आणखी ७,५००.

बेरीज करा. वीस हजार सहाशे पन्नास डॉलर.

आता ३० सप्टेंबर २०२५ ला ही क्रेडिट्स बंद झाल्यापासून आपल्याकडच्या पॉटलकमध्ये एक नवं रडगाणं ऐकू येतं. सरकारने फसवलं, पर्यावरणाची कोणाला पडलेली नाही, आता तिसरी गाडी घ्यायची कशी. पुरणपोळीवर तूप ओढून घेत माणसं हे बोलतात. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याला हे पैसे मिळायलाच नको होते, निदान गेली दहा-बारा वर्षं तरी. आणि ज्यांना मिळायला हवे होते त्यांच्या तोंडाशी आलेला घास याच कायद्याने काढून घेतला. त्यासाठी मात्र कोणी रडत नाही.

जुना हिशेब आधी काढू. अमेरिकेच्या करव्यवस्थेला गाडीचं वेड फार पूर्वीपासून आहे, आणि हे वेड स्वच्छ गाडीपुरतं कधीच नव्हतं. २००३ मध्ये छोट्या धंद्यांसाठी असलेली एक वजावट २५,००० वरून १,००,००० डॉलरवर नेली गेली. त्यात सहा हजार पौंडांहून जड गाड्या बसत होत्या. आपण दोन हजारांच्या वजावटीसाठी हायब्रिड शोधत होतो, तेव्हा एखादा दंतवैद्य किंवा इस्टेट एजंट हमर घेऊन जवळजवळ सगळी किंमत धंद्याचा खर्च म्हणून दाखवू शकत होता. ओरड झाली आणि २००४ मध्ये अशा एसयूव्हींसाठी ती वजावट पुन्हा २५,००० वर आणली. वाटलं, शहाणपण आलं. पण गंमत पुढे आहे. जुलै २०२५ मध्ये ज्या कायद्याने स्वच्छ गाड्यांची क्रेडिट्स बंद केली, त्याच कायद्याने धंद्यातल्या मालमत्तेची शंभर टक्के वजावट पहिल्याच वर्षी घेण्याची सोय कायमची केली, आणि त्यात सहा हजार पौंडांवरच्या गाड्या पुन्हा आल्या. इंधन कोणतं हे कोणी विचारत नाही. शिवाय अमेरिकेत जुळवलेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत, २०२८ पर्यंत वजा करता येतं. तिथेही इंधनाची चौकशी नाही. तेव्हा "सरकारने बाजारात ढवळाढवळ थांबवली" असं जे आपल्यातले काही जण मोठ्या समाधानाने सांगतात, त्यांनी जरा कायदा वाचावा. ढवळाढवळ तशीच चालू आहे, फक्त डाव बदलला आहे.

पेट्रोलवरचा फेडरल कर गॅलनला १८.४ सेंट आहे. तो १९९३ पासून तेवढाच आहे. त्या साली दूध, घर, कॉलेजची फी यांचे भाव काय होते ते आठवा. तीस वर्षांहून जास्त काळ ज्या कराला हात लावायची हिंमत कोणा पक्षाला झाली नाही, तो कर थोडा थोडा वाढवला असता तर एकालाही क्रेडिट देण्याची वेळ आली नसती. पण कर वाढवला की मतं जातात आणि क्रेडिट दिलं की फोटो येतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते.

माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात. त्यांच्यासाठी आठवड्यातले चार दिवस एक बाई येतात. मूळच्या एल साल्वादोरच्या. सासूबाईंना इंग्रजी जेमतेम, बाईंना मराठी शून्य, पण आलं ठेचून घातलेला चहा त्या आता माझ्याहून चांगला करतात. राहतात ट्रेसीला, अल्टामाँटच्या खिंडीपलीकडे, कारण फ्रीमाँटमध्ये भाडं परवडत नाही. जाऊन-येऊन ऐंशीएक मैल. गाडी २००१ ची कॉरोला.

मी आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जाते, तेही बारा मैलांवर. आता सांगा, हवा कोण जास्त खराब करतं? आणि गाडी बदलण्यासाठी सरकारने कोणाला पैसे द्यायला हवे होते?

जुन्या नियमात तर त्यांना ते मिळणं शक्यच नव्हतं. कारण ते क्रेडिट टॅक्समधून वजा व्हायचं. तुमचा टॅक्सच सात हजार नसेल तर सात हजार मिळणार कुठून? कमी पगारावर दोन मुलं वाढवणाऱ्या बाईचा फेडरल इन्कम टॅक्स मुलांची सूट धरता शून्यावर येतो. म्हणजे कागदावर योजना सगळ्यांसाठी, आणि लाभ ज्यांचं आधीच बरं चाललं आहे त्यांना. हे मी मनचं सांगत नाही. आपल्या इथल्या बर्कलीच्या सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञांनी टॅक्स रिटर्न्सवरून २००६ ते २०१२ या काळाचा हिशेब मांडला. इलेक्ट्रिक गाड्यांच्या क्रेडिटमधले सुमारे नव्वद टक्के पैसे सर्वांत वरच्या एक पंचमांश उत्पन्नगटाला गेले होते. नव्वद! आपण त्या पंचमांशात आहोत, मंडळी. आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं पार्किंग लॉट म्हणजे तो अभ्यासच चाकांवर उभा केलेला.

कोणी म्हणेल, पहिल्या गिऱ्हाइकांना उत्तेजन दिलं म्हणून तर कारखाने उभे राहिले आणि बॅटऱ्या स्वस्त झाल्या. मान्य. २०१० पासून बॅटरीची किंमत जवळजवळ दहाव्या हिश्शावर आली, त्यात सुरुवातीच्या गिऱ्हाइकांचा वाटा आहे. फ्रीमाँटचा बंद पडलेला मोटारीचा कारखाना डोळ्यांदेखत पुन्हा सुरू झालेला आपण पाहिला. २०१० ते २०१४ या काळासाठी मी हा युक्तिवाद ऐकून घेईन. त्यासाठीच तर कायद्यात एका कंपनीच्या दोन लाख गाड्या विकल्या गेल्या की क्रेडिट हळूहळू बंद, अशी मेख मारलेली होती. चांगली मेख होती. टेस्लाचं क्रेडिट त्याप्रमाणे २०२० च्या सुरुवातीला संपलं, आणि तरी गाड्या खपतच राहिल्या! यातून काय शिकायचं ते न शिकता २०२२ च्या कायद्याने ती मेखच काढून टाकली आणि २०२३ पासून सगळ्यांना पुन्हा क्रेडिट सुरू.

पण त्याच कायद्यात दोन शहाण्या गोष्टीही होत्या. एक, २०२३ पासून वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीलाही क्रेडिट. पंचवीस हजार डॉलरच्या आतली गाडी, किमतीच्या तीस टक्के, जास्तीत जास्त चार हजार, आणि उत्पन्नाची मर्यादा नव्या गाडीच्या निम्मी. दुसरी, जानेवारी २०२४ पासून हे पैसे डीलरकडेच किमतीतून वजा करून मिळू लागले. तुमचा टॅक्स किती होतो याचा संबंध उरला नाही. म्हणजे २००६ पासून चाललेल्या या सोहळ्यात आमच्या बाईंसारख्यांसाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते जानेवारी २०२४ मध्ये, आणि बंद झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. एकवीस महिने. आपल्याला एकोणीस वर्षं.

त्या एकवीस महिन्यांतल्या शेवटच्या महिन्यात बाईंनी एक गाडी बघून ठेवली होती. तेरा हजारांची, वापरलेली. तीन हजार नऊशे डीलरकडेच कमी होणार होते. त्यांच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये चार्जिंगला प्लग नाही, म्हणून मी म्हटलं, चार दिवस इथे येता, आमच्या गॅरेजमध्ये लावून ठेवत जा. कर्जाचे कागद एका संस्थेत अडकले होते. २७ सप्टेंबरला, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, आम्ही आमची लीजची गाडी घरी आणली. बाईंचं कर्ज मंजूर झालं ऑक्टोबरमध्ये. तोवर तीच गाडी तीन हजार नऊशे डॉलरने महाग झाली होती.

इथपर्यंत मी सरकारला आणि त्या संस्थेला दोष देऊन मोकळी झाले असते. पण ३० तारखेच्या आत लेखी करार करून थोडी आगाऊ रक्कम भरली असती, तर गाडी नंतर ताब्यात घेऊनही क्रेडिट मिळालं असतं. हे मला ठाऊक होतं. आपल्या वॉट्सअप ग्रुपवर महिनाभर तेच चाललं होतं. कोणता डीलर किती आगाऊ घेतो, करारावर काय लिहून घ्यायचं, सगळं. मी स्वतः दोघांना समजावून सांगितलं. आणि आमच्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईंना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. नव्या गाडीभोवती फिरून बघताना त्यांनी विचारलं, "सरकारने तुम्हाला पण पैसे दिले?" मी हो म्हटलं आणि दुसरा विषय काढला.

म्हणून मला या अनुदानांबद्दल राग आहे. फॉर्म, मुदत, खिडक्या, मर्यादा, ही सगळी भाषा आपली आहे. ज्याला ही भाषा येते तो पैसे नेतो, बाकीचे आंधळ्यासारखे दळत बसतात. २००९ चं "कॅश फॉर क्लंकर्स" आठवतं? जुनी गाडी द्या आणि नवीवर साडेतीन किंवा साडेचार हजार घ्या. तीन अब्ज डॉलर, पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या. आणि जुन्या गाड्यांचं काय? इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची मारली. नियमच तसा होता. त्यांतल्या कितीतरी गाड्या धडधाकट होत्या. एका गरीब घराची पुढची पाच वर्षं त्यांत निघाली असती. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेल्याला बक्षीस, आणि जुनी घेणाऱ्याच्या बाजारातला माल भट्टीत.

भारताला नावं ठेवण्यात आपण सगळे पटाईत आहोत, तर एक गोष्ट तिथली सांगते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या दहा हजार कोटींच्या फेम-२ योजनेत खासगी मोटारीला एक पैसाही नव्हता. पैसे होते दुचाकींना, रिक्षांना, भाड्याच्या गाड्यांना आणि बसना. पुण्याच्या पीएमपीच्या विजेवरच्या बस त्याच काळात आल्या. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही तेच. दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, अँब्युलन्स. खासगी मोटार नाही. पैसे वेळेवर पोचले का, सबसिडी मधेच कापली गेली का, यावर भांडता येईल आणि भांडावंच. पण आधी कोणाला द्यायचं, हे त्यांना या श्रीमंत देशापेक्षा बरं कळलं. अर्थात आपलं महाराष्ट्र सरकार मागे कसं राहणार? २०२५ मध्ये अटल सेतूवर आणि एक्सप्रेसवेवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. बसलाही माफ आहे, ते ठीक. पण वीस-पंचवीस लाखांची गाडी असणाऱ्याला टोलची चिंता कशाला असावी?

तेव्हा क्रेडिट परत आणा म्हणून सह्यांचं जे पत्रक आपल्यात फिरतं आहे, त्यावर मी सही करणार नाही. वापरलेल्या गाडीचं क्रेडिट तेवढं परत आणा, डीलरकडेच मिळणारं, आणि बसला पैसे द्या, असं पत्र कोणी लिहिलं तर पहिली सही माझी. पेट्रोलवरचा कर वाढवा, असंही त्यात लिहा. माझा नवरा म्हणतो की या शेवटच्या वाक्यावर तुला चार सह्याही मिळणार नाहीत. बघू.

कारपूल लेनचे स्टिकरही त्याच ३० सप्टेंबरला रद्द झाले. आता मीही इतरांसारखी उजवीकडच्या लेनमध्ये अडकते. समोरून, उलट दिशेने, संध्याकाळी साडेपाचला बाईंची कॉरोला कधीतरी ६८० कडे जाताना दिसते. तिची पुढची स्मॉग चाचणी जवळ आली आहे. मेकॅनिक म्हणतो, या वेळी पास होईल.