देवघरातले अवलिया

गोरखीच्या देवघरात मन्सूरशहा अवलियांचे स्थान आहे, हे आपल्या जुन्या मंडळींना नव्याने सांगायला नको. तरुण मुलांना मात्र सांगितले की ती विचारतात, "देवघरात? ते कसे काय?" त्यात खोडी नसते, खरोखरच नवल वाटते त्यांना. या नवलाचाच आज विचार करायचा आहे.

मन्सूरशहा बीडचे सूफी. महादजी शिंदे त्यांना गुरू मानीत. महादजी 1794 साली पुण्याजवळ वानवडीला वारले. पुढे 1810 मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला राजधानी केली, लष्कर वसले, आणि कुलदैवत ज्योतिबाबरोबर हे गुरुस्थानही शिंद्यांच्या कुळाचारात राहिले. मोहरमात दरबारचा ताजिया निघे. त्यामुळे कोणाचा धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही.

गाण्याचेही तेच. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात गेली. आज पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आपल्याला ती समजावून सांगतात, तेव्हा हसू येते!

दर डिसेंबरात हजिऱ्याला तानसेन समारोह भरतो. 2024 मध्ये तो शंभरावा झाला. सुरुवातीला समाधीपाशी सनई वाजते, ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा होते, मिलाद होतो, चादर चढते. जागा महंमद घौस यांच्या मकबऱ्याच्या आवारातली, कीर्तन नाथपंथी मराठी परंपरेचे आणि आयोजक मध्य प्रदेश सरकार. हल्ली यावर दोन्हीकडून आक्षेप ऐकू येतात. एक म्हणतो, मकबऱ्यात हरिकथा कशाला? दुसरा म्हणतो, निधर्मी सरकारच्या कार्यक्रमात हरिकथा आणि मिलाद दोन्ही कशाला? दोघेही शिकलेले, आणि दोघांनाही धर्म म्हणजे कुंपण घातलेला प्लॉट वाटतो. आपल्या आजोबांना तसे वाटत नव्हते.

तो काळ सोन्याचा होता असे मात्र आम्हाला म्हणवत नाही. राजाची श्रद्धा होती म्हणून प्रजेची मान लवत होती. पंगती जातवार बसत. विधवेला देवघराबाहेर ठेवणारी घरे आपलीच होती. आजची मुलगी परधर्मातला जोडीदार निवडते आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करते. नातू देवच मानत नाही आणि तरी गणपतीच्या आरतीला टाळ घेऊन उभा राहतो. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य राजाच्या मर्जीवर ठेवले नाही. हा बदल चांगला आहे आणि त्याबद्दल घरात आदळआपट करण्याचे कारण नाही.

काळजी दुसरीच आहे. याच शहरात दौलतगंजात नोव्हेंबर 2017 मध्ये हिंदू महासभेने नथुराम गोडसेचा पुतळा बसवला, जानेवारी 2021 मध्ये त्याच्या नावाची 'ज्ञानशाळा' उघडली. दोन्ही वेळा प्रशासनाला हस्तक्षेप करावा लागला. आपल्यापैकी कितीजण तेव्हा उघड बोलले? ग्वाल्हेरचे मराठीपण म्हणजे काय, हे आपण सांगितले नाही तर दुसरे कोणीतरी सांगणार आणि मुले तेच खरे धरणार. खात्यावर वारसाचे नाव नसले की मागाहून कोण कोण हक्क सांगत येतो, ते आम्ही बँकेतले लोक रोज पाहतो.

तेव्हा वडीलधाऱ्यांना विनंती अशी, की आपल्या घरात कोणत्या दर्ग्याचा नवस होता, ताजियाला कोण जाई, कोणत्या खाँसाहेबांकडे शिकवणी होती, हे आठवेल तसे एका कागदावर लिहून कार्यालयात द्यावे. सोवळ्या-ओवळ्याच्या, मनाईच्या आठवणीही लपवू नयेत. गणेशोत्सवातली एक संध्याकाळ त्यांच्या वाचनासाठी राखून ठेवावी, असे कार्यकारिणीला सुचवत आहोत. वाचन तरुणांनी करावे, आणि प्रश्नही त्यांनीच विचारावेत.